वर्षभरातली लस आणि त्याआधीची सत्तेचाळीस वर्षे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी लिहिले होते की, एरवी जी लस तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात ती करोनाच्या वेळी वर्षाच्या आत हातात आली, तेव्हा मधल्या काही पायऱ्या गाळल्या असल्याच पाहिजेत. ही शंका रास्त आहे, आणि ती विचारणारे ते एकटे नाहीत. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत महिन्यातून एकदा तरी ती निघतेच. मी बरीच वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले असल्यामुळे उत्तराची जबाबदारी माझ्यावर येते, आणि बाकावर बसून ते कधीच नीट देता आलेले नाही. म्हणून हे पत्र. पायऱ्या गाळल्या गेल्या नव्हत्या. त्यांतली सर्वांत अवघड पायरी साथ येण्यापूर्वीच चढून झालेली होती. गंमत म्हणजे ती करोनाच्या जिन्यावरची नव्हतीच. तान्ह्या मुलांच्या छातीत शिरणाऱ्या एका वेगळ्याच विषाणूचा अभ्यास करताना ती सापडली.

त्या विषाणूचे नाव रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस. बालरोगतज्ज्ञ त्याला नुसते आरएसव्ही म्हणतात. पुस्तकात तो मी दरवर्षी शिकवत होतो, पण त्याची ओळख झाली ती माझी नात साडेतीन महिन्यांची असताना. पावसाळा संपत आला होता. आधी दोन दिवस नुसते नाक वाहत होते. तिसऱ्या रात्री तिने दूध सोडले, नाकपुड्या फुलू लागल्या आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली. मुलीने मोबाइलचे घड्याळ लावून श्वास मोजले, ते मिनिटाला सत्तरच्या घरात होते. रुग्णालयात पाच दिवस ऑक्सिजन आणि सलाइनवर ती सावरली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितले की या विषाणूवर नेमके औषध नाही, बाळ स्वतः लढून बाहेर येईपर्यंत त्याला आधार द्यायचा, एवढेच आपल्या हातात असते. बाळ बरे झाले. माझ्या डोक्यात मात्र प्रश्न राहिला की १९५६ साली चिंपांझींमध्ये आणि पाठोपाठ लहान मुलांमध्ये सापडलेल्या या विषाणूवर एवढ्या वर्षांत लस का होऊ शकली नाही.

लस झाली होती, आणि तिचा इतिहास लसीकरणाच्या क्षेत्रातल्या सर्वांत दुःखद प्रकरणांपैकी एक आहे. १९६६ साली अमेरिकेत, पोलिओच्या साल्क लसीसारखीच रीत वापरून, आरएसव्ही फॉर्मॅलिनने मारून त्याची लस बनवण्यात आली आणि ती तान्ह्या मुलांना टोचून पाहण्यात आली. एका चाचणीत ३१ बाळांना ती मिळाली. पुढे खऱ्या विषाणूची लागण झाली तेव्हा त्यांपैकी २० बाळे आजारी पडली, १६ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोघे दगावली. ज्या मुलांना ही लस मिळालीच नव्हती, त्यांच्यात लागण झालेल्यांपैकी जेमतेम पाच टक्क्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते. म्हणजे लसीने नुसते संरक्षण दिले नाही असे नव्हे, तिने आजार वाढवला. त्यानंतर कित्येक वर्षे आरएसव्हीच्या लसीला हात घालायला कोणी धजेना, आणि त्यात नवल नाही.

तिथे नेमके काय चुकले याचे नीट उत्तर मिळायला विषाणूचा आकार अणूंच्या पातळीवर दिसावा लागला. प्रथिनांचा त्रिमितीय आकार शोधून त्यावरून त्यांचे काम समजून घेण्याच्या या शास्त्राला संरचनात्मक जीवशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातली कल्पना आपण रोज वापरतो: कुलपाची आतली रचना ठाऊक नसेल तर किल्ली घडवता येत नाही.

आरएसव्हीच्या अंगावर एफ नावाचे एक प्रथिन असते. विषाणूचे आवरण आणि आपल्या पेशीचे आवरण यांना एकमेकांत मिसळून टाकणे, जेणेकरून आतला ऐवज पेशीत उतरावा, हे त्याचे काम. पेशीला भिडण्यापूर्वी ते आखूड आणि दाबून बसवलेले असते. काम सुरू झाले की खटक्याच्या छत्रीसारखे ते झटक्यात उलगडते, लांब सुळक्यासारखे होते आणि पुन्हा कधीच मूळ रूपात येत नाही. मिटलेल्या रूपात ताण भरलेला असल्याने बाहेरच्या थोड्याशा कारणानेही खटका पडतो. फॉर्मॅलिनने विषाणू मारण्याच्या प्रक्रियेत नेमके हेच घडत होते: लसीतल्या बहुतेक छत्र्या उघडून बसलेल्या असत. बाळाची प्रतिकारयंत्रणा मग उघड्या छत्रीचा चेहरा पाठ करी, तिच्याशी जुळणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज, भरपूर तयार करी, आणि पुढे खरा विषाणू मिटलेली छत्री घेऊन आला की ही प्रतिपिंडे त्याला चिकटली तरी अडवू शकत नसत. चिकटूनही न अडवणाऱ्या प्रतिपिंडांची आणि विषाणूंची पुटे फुप्फुसात साचणे, प्रतिकाराचा रोख चुकीच्या, ॲलर्जीसारख्या वळणावर जाणे, हे सगळे त्यातूनच आले. पोलिओच्या बाबतीत जी रीत उपकारक ठरली ती इथे घातक ठरली, याचे कारण रीतीत नव्हते, रेणूच्या स्वभावात होते.

हे सांगणे सोपे आहे, सिद्ध करणे फार अवघड होते, कारण मिटलेले रूप हातात टिकतच नव्हते. प्रथिनाची रचना पाहण्याची जुनी पद्धत अशी की त्याचे शुद्ध द्रावण घेऊन स्फटिक वाढवायचे, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कुठे कसे विखुरतात यावरून अणूंच्या जागा गणिताने काढायच्या. एफ प्रथिनाचे स्फटिक करायला जावे तर ते उघडून बसे. २०११ साली त्याचे उघडलेले रूप मिळाले. मिटलेले रूप मिळाले ते २०१३ साली, आणि तेही एका मानवी प्रतिपिंडाच्या मदतीने. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या लस संशोधन केंद्रात बार्नी ग्रॅहम हे आरएसव्हीचे जाणकार आणि पीटर क्वाँग हे संरचनातज्ज्ञ काम करत होते; क्वाँग यांच्या गटातला जेसन मॅक्लेलन हा तरुण संशोधक या दोघांमधला दुवा ठरला. नेदरलँड्समध्ये वेगळे केलेले डी-२५ नावाचे प्रतिपिंड फक्त मिटलेल्या एफलाच, आणि तेही त्याच्या माथ्यावर, पकडते हे त्यांनी हेरले. प्रतिपिंड आणि प्रथिन एकत्र तयार केले की प्रतिपिंडाच्या चिमट्यात खटका अडकून राहतो. त्या जोडगोळीचे स्फटिक झाले आणि इतकी वर्षे हुलकावणी देणारा आकार कागदावर आला.

त्या चित्रात दिसले ते असे की विषाणूला खरोखर थोपवणारी सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे ज्या माथ्यावर बसतात, तो माथा उघडलेल्या रूपात अस्तित्वातच नसतो. मग प्रतिपिंडाच्या चिमट्याशिवाय प्रथिन मिटलेले ठेवायचे कसे, हा प्रश्न त्यांनी एखाद्या जुन्या कारागिरासारखा सोडवला. रेणूत जिथे दोन भाग एकमेकांजवळ येतात तिथे सिस्टीन नावाची, गंधक असलेली दोन अमिनो आम्ले (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी) बसवून गंधकाचा टाका घातला. आत जिथे पोकळी होती तिथे आकाराने मोठी अमिनो आम्ले ठोकून ती बुजवली. एवढ्या दुरुस्तीनंतर प्रथिन मिटलेलेच राहिले. माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले, तेव्हा विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रमाण दहा पटींहून अधिक वाढलेले आढळले. मे २०२३ मध्ये अमेरिकेने ज्येष्ठांसाठी आरएसव्हीच्या दोन लसींना परवानगी दिली, आणि ऑगस्टमध्ये त्यांतली एक गर्भवतींना देण्यासही मान्यता मिळाली, जेणेकरून आईची प्रतिपिंडे बाळाला जन्मतःच मिळावीत. त्याच डी-२५ प्रतिपिंडात सुधारणा करून केलेले निर्सेविमॅब आता कित्येक देशांत नवजात बालकांना टोचले जाते. १९६६ ते २०१३ ही सत्तेचाळीस वर्षे शीर्षकात घेतली ती यासाठी.

आता करोनाकडे येतो. करोना विषाणूच्या अंगावरच्या काट्याचे, म्हणजे स्पाइक प्रथिनाचे, कामही पेशीशी मिसळण्याचेच आहे आणि तेही असेच मिटलेले-उघडलेले असते. मॅक्लेलन, ग्रॅहम आणि अँड्र्यू वॉर्ड यांच्या गटांनी साधी सर्दी आणणाऱ्या एचकेयू-१ या करोना विषाणूच्या काट्याची रचना २०१६ साली प्रसिद्ध केली, आणि २०१७ साली मर्स या दुसऱ्या एका करोना विषाणूच्या काट्याला मिटलेले ठेवण्याची युक्तीही. हा दुसरा निबंध छापून येण्याआधी काही नियतकालिकांनी परत पाठवला होता, ही गोष्ट आज वाचताना चमत्कारिक वाटते. युक्ती अशी: काटा उघडताना त्यातला एक वळलेला भाग सरळ होऊन लांब मळसूत्र बनतो, त्या वळणावर प्रोलीन नावाची दोन अमिनो आम्ले लागोपाठ बसवली की तो भाग सरळ होऊ शकत नाही.

प्रोलीनच का, याचे उत्तर देताना मला वर्गात नेहमी हुरूप येत असे, कारण ते मद्रासला जाऊन पोहोचते. १९६३ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन यांनी सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह, प्रथिनाची साखळी प्रत्येक सांध्यापाशी किती अंशात वळू शकते आणि कोणती वळणे अणू एकमेकांवर आदळल्यामुळे अशक्य आहेत, याचा आलेख मांडला. बहुतेक अमिनो आम्लांना त्या आलेखात हातपाय पसरायला जागा असते. प्रोलीनची बाजूची साखळी मागे वळून मुख्य साखळीलाच जोडलेली असल्याने त्याचा एक सांधा जवळजवळ जाम असतो. आजही जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना निघाली की ती रामचंद्रन आलेखावर तपासल्याशिवाय मान्य होत नाही. दारावरच्या बिजागरीत खिळा ठोकावा तसे करोनाच्या काट्यातल्या १,२७३ अमिनो आम्लांपैकी ९८६ आणि ९८७ या दोन जागी प्रोलीन ठोकले गेले.

तारखा पाहिल्या की वाचकांच्या शंकेचे उत्तर आपोआप मिळते. चीनमधील नव्या विषाणूची जनुकीय माहिती १० जानेवारी २०२० च्या सुमारास जाहीर झाली. खिळा कुठे ठोकायचा हे आधीच ठाऊक असल्याने तो पाहता पाहता ठोकला गेला, आणि १९ फेब्रुवारीला नव्या काट्याची साडेतीन अँगस्ट्रॉम इतकी स्पष्ट रचना प्रसिद्ध झाली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. हे स्फटिकांवाचून, शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने झाले: प्रथिनाचा थेंब द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झटक्यात बुडवायचा की पाण्याला बर्फाचे खडे करायला सवडच मिळू नये, ते काचेसारखे गोठावे, मग वेगवेगळ्या कोनांत अडकलेल्या लाखो रेणूंची अंधुक चित्रे घेऊन संगणकाने ती एकत्र जुळवायची. या तंत्रासाठी ज्याक दुबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १६ मार्च २०२० रोजी सिॲटलमध्ये मॉडर्नाच्या लसीची पहिली टोचणी दिली गेली. पुढचे महिने गेले ते हजारो स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांत, आणि त्या चाचण्यांतले टप्पे गाळले गेले नाहीत.

इथे एक गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. महाराष्ट्रात बहुसंख्यांनी ज्या लसी घेतल्या त्यांत हे दोन खिळे नव्हते. कोविशिल्डमध्ये काट्याचा मूळ, न बदललेला आराखडा होता. कोव्हॅक्सिन ही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला अख्खा विषाणू निष्क्रिय करून बनवली होती. त्या लसींनीही जीव वाचवले. प्रोलीनचे खिळे असलेल्या लसी म्हणजे फायझर, मॉडर्ना, जॉन्सन अँड जॉन्सन आणि नोव्हाव्हॅक्स यांच्या. यांतली शेवटची पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने कोव्होव्हॅक्स या नावाने बनवली. त्यामुळे मिटलेला आकार नसेल तर लस चालतच नाही, असे माझे म्हणणे नाही. एखाद्या विषाणूच्या बाबतीत तो नसला तरी भागते, एखाद्याच्या बाबतीत मुले दगावतात, आणि आपला विषाणू कोणत्या जातीचा हे पाहिल्यावाचून कळत नाही, इतकेच.

तसेच, आकार बरोबर असला म्हणजे लस निर्धोक झाली असेही समजू नये. गर्भवतींसाठीच्या एका आरएसव्ही लसीची चाचणी २०२२ साली थांबवली गेली, कारण लस घेतलेल्या गटात मुदतपूर्व प्रसूती अधिक दिसल्या. २०२४ साली तान्ह्या मुलांवरच्या आणखी एका प्रायोगिक लसीची चाचणी काही बाळांना गंभीर आजार झाल्याने रोखण्यात आली. या दोन्ही लसींत मिटलेलेच एफ होते. सूक्ष्मदर्शक आकार सांगतो, माणसाच्या अंगात काय होईल ते चाचणीच सांगते. शंका घेणाऱ्या वाचकांनी या थांबवलेल्या चाचण्यांकडेही पाहावे; पायऱ्या गाळायच्याच असत्या तर त्या थांबवल्या कशाला असत्या?

हे सारे परदेशातले झाले, असे वाटत असेल तर नागपूरच्या माणसाला तसे म्हणण्याची सोय नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला, आणि त्या गावाचे नाव जगभरच्या विषाणुशास्त्राच्या पुस्तकांत गेले. वाळूमाशीच्या चाव्यातून तो पसरतो आणि मुख्यतः मुलांना गाठतो: सकाळी ताप, दुपारी झटके, आणि कित्येकदा दुसऱ्या दिवसापर्यंत सारे संपलेले. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्या वर्षी विदर्भातही त्याचे रुग्ण होते. २०२४ साली गुजरातेत त्याने पुन्हा डोके वर काढले. पुण्यात निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून एक प्रायोगिक लस करून ती उंदरांवर तपासली गेली होती, पण माणसांसाठी परवाना मिळालेली लस आज साठ वर्षांनंतरही नाही.

या विषाणूच्या अंगावर पेशीशी मिसळण्याचे काम करणारे ‘जी’ नावाचे प्रथिन असते; त्याची उघडलेल्या रूपातली रचना २०१५ साली प्रसिद्ध झाली. ती काढली फ्रान्समधल्या संशोधकांनी. २०१७ साली त्यांनीच त्याची उलगडतानाची मधली रूपेही दाखवली. त्यात एक मोठे कोडे आहे. आरएसव्हीची छत्री एकदा उघडली की उघडलीच. चांदीपुऱ्याच्या कुळातल्या विषाणूंची छत्री आम्लता वाढली की उघडते आणि आम्लता उतरली की पुन्हा मिटते. मग इथे खिळा ठोकावा लागेल का, लागला तर कुठे, आणि मुलांच्या शरीरात तयार होणारी उपयुक्त प्रतिपिंडे यांपैकी कोणत्या रूपाला पकडतात, हे प्रश्न अमेरिकेतल्या उत्तरांची नक्कल करून सुटणारे नाहीत.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मला वाटत नाही. ज्या हादग्याच्या फुलांची आपल्याकडे भाजी होते, त्या झाडावर रोग पाडणाऱ्या विषाणूची संपूर्ण रचना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९९० च्या दशकातच काढली गेली. शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची राष्ट्रीय सुविधाही बेंगळुरूलाच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या आवारात आहे. आणि जगात प्रसिद्ध होणारी जवळजवळ प्रत्येक रचना १९७१ पासून चालत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेत कोणालाही फुकट पाहता येते. निवृत्त होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षी मी ‘सहा व्ही एस बी’ या क्रमांकाने नोंदलेला करोनाचा काटा प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर उघडला होता. मुली तो बोटाने फिरवून पाहत होत्या, एकीने ते दोन प्रोलीन शोधून काढले आणि म्हणाली, “सर, एवढेच?” ती आता चांदीपुऱ्यावर नाही, एका औषध कंपनीच्या विक्री विभागात काम करते. तिला दोष देण्याचा माझा हेतू नाही. विदर्भात तिला या कामासाठी कोणी बोलावले नाही.

संपादक महोदय, पुढच्या पावसाळ्यात तापाच्या साथीच्या बातम्या येऊ लागतील, तेव्हा फवारणी झाली की नाही आणि खाटा किती आहेत, हे आपले वार्ताहर नेहमीप्रमाणे विचारतीलच. त्याबरोबर त्यांनी आरोग्य खात्याला आणि पुण्याच्या संस्थेला एवढे आणखी विचारावे की, चांदीपुऱ्याच्या या प्रथिनावर आपल्याकडे सध्या कोण काम करते आहे आणि लसीसाठी त्याचे कोणते रूप निवडले आहे. जे उत्तर येईल ते, ‘कोणीही नाही’ असे असले तरी, पहिल्या पानावर छापावे.

कळावे,
आपला नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर